बोलोन्याच्या बाजारात चौघांचं जेवण

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाच्या पूर्वेला काही अरुंद गल्ल्या एकमेकींना छेदत जातात. या भागाचं नाव क्वाद्रिलातेरो. ओरेफिची ही सोनारांची गल्ली, द्राप्पेरिए कापडवाल्यांची, क्लावातूरे कुलपं करणाऱ्यांची, पेस्केरिए वेक्ये जुन्या मासळीबाजाराची. तांबट आळी आणि बुरूड आळी पाहिलेल्या पुणेकराला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. धंदे बदलले, तरी खाण्याचा बाजार इथून हललेला नाही. बर्फावर मांडलेली मासळी, पेट्यांतल्या भाज्या, छताला टांगलेल्या डुकराच्या मांड्या आणि चीजची मोठाली चाकं सगळी हाताच्या अंतरावर असतात. दुपारी साडेबाराच्या सुमारास तर गल्लीतून चालताना खांद्याला खांदा लागतो.

या गर्दीत प्रवासी सहसा पहिलं रिकामं टेबल पकडतात. प्रत्येकजण आपापली एक थाळी मागवतो, चौघांत तिघांची थाळी सारखीच निघते आणि तासाभरात सगळे उठतात. त्यात गैर काही नाही, पण या बाजाराचा मोठा भाग मग न चाखताच राहतो. इथली खरी मजा वजनकाट्यावर आहे. पाच-सहा दुकानांतून थोडं थोडं घ्यायचं, एका टेबलावर मांडायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. एकट्या माणसाला हे जमत नाही, कारण एवढे प्रकार एका पोटात मावत नाहीत. दोघांना कसंबसं जमतं. चौघं असले की जेवण उत्तम बसतं. आपल्या गटांमध्ये तर एकजण सगळं खाणारा, एकजण गोमांस न खाणारा, एकजण शाकाहारी आणि एकजण अंडंही न खाणारा असं मिश्रण नेहमीचंच. अशा गटाला रेस्टॉरंटपेक्षा हा बाजारच सोयीचा. फक्त कशात काय लपलेलं असतं ते आधी माहीत हवं.

पहिली गोष्ट वजनाची. इटलीत अशा दुकानांत किलो आणि ग्रॅमपेक्षा ‘एत्तो’ हे माप चालतं. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम, ‘मेद्झेत्तो’ म्हणजे ५० आणि ‘दुए एत्ती’ म्हणजे २००. पाटीवरची किंमत वाचताना इथेच घोळ होतो. एका दुकानात भाव किलोचा लिहिलेला असतो, शेजारच्या दुकानात एत्तोचा. पाटीवर बारीक अक्षरांत ‘अल किलो’ आहे की ‘लेत्तो’ हे पाहिल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नये. एत्तोचा भाव किलोचा समजून अर्धा किलो मागितलं तर बिल अपेक्षेच्या दहापट येतं. तोपर्यंत काप कापूनही झालेले असतात, त्यामुळे परत करता येत नाही.

दुसरी गोष्ट रांगेची. मोठ्या दुकानांत दाराजवळ किंवा काउंटरच्या कोपऱ्यात नंबराची चिठ्ठी देणारं छोटं यंत्र असतं. आत शिरल्या शिरल्या आधी चिठ्ठी घ्यायची आणि मग काय हवं ते बघत उभं राहायचं. यंत्र नसेल तर ‘की ए लुल्तिमो?’, म्हणजे शेवटचं कोण, असं विचारायचं. जो हात वर करेल त्याच्यानंतर आपण. काउंटरशी नुसतं पुढे सरकून उभं राहिल्याने नंबर लागत नाही, उलट लोक नाराज होतात. भाजी-फळांच्या गाळ्यावर माल स्वतः निवडायचा नसतो. काय हवं, किती हवं आणि आजच खायचं आहे एवढं सांगितलं की विक्रेता त्या मानाने पिकलेलं फळ काढून देतो. ‘दा मांजारे ओज्जी’, आज खायला, हे तीन शब्द पेअर आणि पीच घेताना फार उपयोगी पडतात. ते सांगितलं नाही तर दोन दिवसांनी पिकणारं कडक फळ हातात पडण्याची शक्यता असते.

चौघांसाठी वजनाचा अंदाज असा धरावा. पाव अर्धा किलो, मोर्तादेल्ला (वाटलेल्या डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज) दीड एत्तो, प्रोशुत्तो (डुकराच्या मांडीचं हॅम) एक एत्तो, पार्मिजानो हे कडक चीज दोन ते अडीच एत्ती, स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ चीज दीड एत्तो, भाजलेल्या किंवा तेलातल्या भाज्या तीन एत्ती, ऑलिव्ह एक एत्तो, टोमॅटो तीन-चार मध्यम आणि पेअर तीन. सोबत गरम पास्त्याच्या दोन थाळ्या घ्यायच्या असतील तर पाव आणि मांस निम्मं करावं. हे आकडे वाचताना कमी वाटतात. काउंटरवर उभं राहून तर आणखीच कमी वाटतात आणि हात सैल सुटतो. पण मोर्तादेल्लाचे काप पातळ आणि ताटलीएवढे रुंद असतात, दीड एत्तोमध्ये चौघांना दोन-दोन काप सहज येतात. कमी पडलं तर दुकान चार पावलांवर आहे. जास्त झालेल्या मांसाचं मात्र उन्हाळ्याच्या दुपारी काही करता येत नाही.

मोर्तादेल्ला ही या शहराची ओळख. डुकराचं मांस अगदी बारीक वाटून, त्यात डुकराच्या गळ्याकडच्या घट्ट चरबीचे पांढरे चौकोनी तुकडे मिसळून ती कोरड्या हवेच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये हळूहळू शिजवतात. आतला गाभा ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. १६६१ साली कार्डिनल फार्नेसे यांनी फर्मान काढून तिच्यात काय चालेल आणि काय नाही हे ठरवून दिलं होतं. ‘मोर्तादेल्ला बोलोन्या’ या नावाला १९९८ पासून युरोपीय भौगोलिक संरक्षण आहे, आणि त्या नावाखाली फक्त डुकराचंच मांस चालतं. पिस्ता घातलेली आणि न घातलेली, दोन्ही मिळतात. सुकामेव्याची अ‍ॅलर्जी असलेल्याने हे विचारून घ्यावं. कच्चं मांस खायला मन घेत नसेल त्यांनी लक्षात ठेवावं की मोर्तादेल्ला शिजवलेली असते. प्रोशुत्तो क्रूदो मात्र शिजवलेला नसतो, तो मीठ लावून महिनोनमहिने हवेत मुरवलेला असतो. मोर्तादेल्ला कापून ठेवली की तिचा वास अर्ध्या तासात उतरू लागतो आणि कागदाला तेल सुटतं. म्हणून ती खरेदीत सगळ्यात शेवटी घ्यावी. ‘सोत्तीले’, पातळ, असं सांगायला विसरू नये. जाड काप पावात बरा लागतो, नुसता खायला नाही.

पार्मिजानो-रेज्जानोबद्दल जरा सावकाश सांगायला हवं, कारण मांडलेल्या सगळ्या पदार्थांत जेवणाला खरा आधार त्याचाच असतो. ते बोलोन्या प्रांताच्या रेनो नदीच्या पश्चिमेकडच्या भागात बनतं, तसंच पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना या प्रांतांत आणि पो नदीच्या दक्षिणेकडच्या मांतुआत. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्याची साय काढतात आणि ते दूध सकाळच्या ताज्या दुधात मिसळतात. दूध कच्चंच वापरतात. उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढईत ते घेतात आणि एका कढईतून दोन चाकं निघतात. सुमारे ४० किलोच्या एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर दूध लागतं. कमीत कमी बारा महिने मुरल्याशिवाय त्याला हे नाव मिळत नाही. बारा ते अठरा महिन्यांचं चीज दुधाळ, मऊसर आणि गोडसर असतं. चोवीस महिन्यांचं दाताखाली कणीदार लागतं, कारण प्रथिनं सुटी होऊन अमिनो आम्लांचे स्फटिक धरतात. ही कणी साखरेची किंवा मिठाची नसते आणि ती दोषही नाही, नीट मुरल्याची ती खूण आहे. छत्तीस महिन्यांचं कोरडं, तिखटसर आणि रेंगाळणाऱ्या चवीचं. चौघांच्या मांडणीत एकाच वयाचं अडीच एत्ती घेण्यापेक्षा चोवीस आणि छत्तीस महिन्यांचं सव्वा-सव्वा एत्तो घ्यावं. दोन तुकडे शेजारी ठेवून खाल्ल्याशिवाय वय म्हणजे काय हे कळत नाही. दूध पचत नाही अशा माणसालाही हे चीज बहुधा चालतं, कारण इतकं मुरल्यावर त्यात दुधातली साखर जवळजवळ उरत नाही.

ते सुरीने कापू नये. बदामाच्या आकाराची आखूड सुरी टोकाने रोवून थोडी पिरगळली की तुकडा स्वतःच्या कण्यांच्या रेषेवर फुटतो. खडबडीत फुटलेल्या तुकड्याला चव जास्त, कारण जिभेला लागणारा पृष्ठभाग जास्त. दुकानदाराला सांगितलं तर तो असे तुकडे करून देतो. थंडगार तुकडा मुका लागतो, म्हणून चीज आधी घ्यावं आणि बाकीची खरेदी होईपर्यंत पिशवीत राहू द्यावं. अर्ध्या तासात त्याचा थंडपणा जातो.

आता शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाची गोष्ट. पार्मिजानो बनवताना दूध फाटण्यासाठी वासराच्या पोटातलं ‘काल्यो’, म्हणजे रेनेट, वापरतात. नियमानेच तसं ठरलेलं आहे, त्यामुळे या नावाखाली शाकाहारी प्रकार मिळणारच नाही. ग्राना पादानो या तशाच कडक चीजचंही तेच, आणि स्क्वाक्वेरोनेचंही. रिकोत्ता हा मऊ पदार्थ चीज काढल्यावर उरलेल्या निवळीपासून होतो, त्यामुळे तोही या प्रश्नातून सुटत नाही. मास्कारपोने हे मलईदार चीज मात्र सायीत आम्ल घालून करतात, त्याला रेनेट लागत नाही. ज्यांना रेनेट चालत नाही त्यांनी वेष्टणावर ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘काल्यो मिक्रोबिको’ हे शब्द शोधावेत. असं चीज शोधलं तर मिळतं, पण काउंटरवरच्या प्रसिद्ध चीजांत नाही. ज्यांना चालतं त्यांनी बिनधास्त खावं. प्रत्येकाने आपलं आधी ठरवून घ्यावं, म्हणजे टेबलावर बसल्यावर मोबाइल काढून शोधाशोध करावी लागत नाही.

रेनेटपेक्षा जास्त फसवणारी वस्तू म्हणजे ‘स्त्रुत्तो’, डुकराची चरबी. एमिलिया, म्हणजे बोलोन्याच्या आसपासचा प्रदेश, हा लोणी आणि चरबीचा मुलूख आहे. ऑलिव्ह तेल दक्षिणेत जसं सगळीकडे असतं तसं इथल्या जुन्या पाककृतींत नाही. जवळच्या फेर्रारा शहराचा चार शिंगांचा सुंदर पाव, कोप्पिया फेर्रारेसे, दिसायला साधा पाव, पण त्याच्या पिठात स्त्रुत्तो असतो. फोकाच्चा या चपट्या पावासारखी दिसणारी बोलोन्याची ‘क्रेशेन्ता’ बहुधा मांसाचे बारीक तुकडे घालूनच भाजलेली असते, वरून पाहून ते कळत नाही. तळलेल्या फुगीर ‘क्रेशेन्तीने’ पिठाच्या असल्या तरी परंपरेने चरबीत तळतात. रोमान्याकडची पियादीना ही पोळीसारखी भाकरी दोन्ही तऱ्हांची असते, चरबीची आणि ऑलिव्ह तेलाची. कांदा तासन्‌तास शिजवून त्यात थोडा टोमॅटो घालून केलेलं ‘फ्रिज्जोने’ पाहिलं की शाकाहारी माणसाचा जीव खुश होतो. गोडसर, दाट, पावावर पसरून खायला अप्रतिम. पण त्याच्याही मूळ कृतीत दोन चमचे स्त्रुत्तो आहे. आता बरेच जण तेलात करतात, म्हणून विचारायचं आणि तेलातलं असेल तर नक्की घ्यायचं.

विचारायचं कसं, यावरही बरंच अवलंबून आहे. ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं आणि ते विचारणाऱ्याच्या कामाचं नसतं. चरबी किंवा हॅमचे बारीक तुकडे इथल्या अनेकांच्या हिशोबात ‘मांस’ या सदरात बसत नाहीत. म्हणून वस्तूचं नाव घेऊन विचारावं: ‘चे स्त्रुत्तो?’, ‘चे प्रोशुत्तो?’ ‘चे’ म्हणजे आहे का. उत्तर सरळ हो किंवा नाही असं येतं. दुकानातल्या अ‍ॅलर्जीच्या यादीवर मात्र विसंबू नये. युरोपीय नियमाप्रमाणे त्यात चौदा गोष्टी येतात: गव्हातलं ग्लुटेन, दूध, अंडी, मासे, सुकामेवा, तीळ, मोहरी, सेलेरी वगैरे. चरबी, मांस आणि रेनेट त्या चौदांत नाहीत. यादीत काही दिसलं नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, हा समज इथे हमखास गोत्यात आणतो.

पास्त्यातही अशाच गाठी आहेत. बोलोन्याचा ताजा पास्ता अंड्याचाच. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं हे प्रमाण इथे सगळ्यांना तोंडपाठ असतं. अंडं न खाणाऱ्याने ताजा पास्ता सोडूनच द्यावा. ‘तोर्तेल्लीनी’ म्हणजे छोटी, करंगळीच्या टोकाएवढी. तिच्या सारणात डुकराचं मांस, प्रोशुत्तो, मोर्तादेल्ला, पार्मिजानो, अंडं आणि जायफळ. ती ज्या रश्शात येते तो गोमांस आणि कोंबडीचा. ‘तोर्तेल्लोनी’ मोठी, आत रिकोत्ता, वर लोणी आणि सेजची पानं. शाकाहारी माणसासाठी हीच. नावात एका स्वराचा फरक आणि सारणात जमीन-अस्मानाचा, म्हणून पाटीवर बोट ठेवून मागवावं. ‘बालानझोनी’ पालकाच्या हिरव्या कणकेची असतात आणि हिरवा रंग पाहून शाकाहारी वाटतात. त्यांच्या सारणात रिकोत्ताबरोबर मोर्तादेल्ला असते. हिरव्या लसान्यातही थरांमध्ये रागूच असतो. आणि रागू, ज्याला बाहेरच्या जगात बोलोनीज सॉस म्हणतात, मुळात गोमांसाचा. १९८२ मध्ये शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवलेल्या कृतीत भरड गोमांस आणि पान्चेत्ता (डुकराच्या पोटाकडचं खारवलेलं मांस) दोन्ही आहेत. गोमांस न खाणाऱ्यांनी म्हणून रागूपासून दूर राहावं, त्यांना मोर्तादेल्ला आणि प्रोशुत्तो चालतील. डुकराचं मांस न खाणाऱ्यांना मात्र या शहरात पर्याय अगदी थोडे. मासळी, चीज, भाज्या आणि तोर्तेल्लोनी एवढ्यावर त्यांचं चांगलं भागतं.

दुकानांच्या काचेमागे पिवळ्याधमक तोर्तेल्लीनी ट्रेमध्ये मांडलेल्या दिसतात. त्या कच्च्या असतात, घरी नेऊन शिजवायच्या. लगेच खायला घेणाऱ्यांची इथे निराशा होते. शिजवलेलं हवं तर जिथे चूल आहे तिथे जायचं. क्वाद्रिलातेरोच्या आतच ‘मेर्कातो दि मेद्झो’ आहे. इटलीचं एकीकरण झाल्यावर शहराचा पहिला छताखालचा बाजार इथे झाला, आणि २०१४ साली ती इमारत खाण्याच्या काउंटरांसाठी नव्याने उघडली. तिथून सात-आठ मिनिटं चाललं की विया उगो बास्सीवर ‘मेर्कातो देल्ले एर्बे’ लागतो. १९१० साली उघडलेला हा मोठा भाजीबाजार दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात पडला आणि नंतर पुन्हा उभा राहिला. मधल्या दालनात भाजीचे गाळे, बाजूच्या दालनांत खाण्याच्या जागा. स्थानिक लोक भाजी घ्यायला इथे येतात, म्हणून फळं आणि टोमॅटो इथूनच घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. क्वाद्रिलातेरोमध्ये तेच फळ देखणं मांडलेलं असतं आणि त्या मांडणीचे पैसेही त्यात धरलेले असतात. रविवारी भाजीचे गाळे बंद असतात. आठवड्यातही बरीच छोटी दुकानं दुपारी एकनंतर दोन-तीन तास दार लावून घेतात. म्हणून खरेदी अकरा ते साडेबारा आणि जेवण त्यानंतर, हा क्रम सोडू नये.

गरम पास्ता वाटून खायचा तर थोडं नियोजन लागतं. इटलीत टेबलावर प्रत्येकाची थाळी प्रत्येकाची, हीच रीत. पण बाजारातल्या काउंटरवर एक थाळी आणि दोन काटे मागितले तर कोणी भुवया उंचावत नाही. ताल्यातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, थाळीत पडल्यापासून पाच मिनिटांत रस पिऊन घेतात, चिकटतात आणि त्यांचा गोळा होतो. त्यामुळे एकाने पास्त्याच्या रांगेत उभं राहायचं आणि तिघांनी तोवर बाकीचं मांडायचं. थाळी आली की बाकी सगळं थांबवून आधी ती संपवायची. या पट्ट्यांची रुंदीसुद्धा शहराने ठरवून ठेवली आहे. १९७२ मध्ये चेंबर ऑफ कॉमर्सकडे सोन्याची एक प्रतिकृती ठेवली, शिजल्यावर आठ मिलिमीटर रुंद. हे माप शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग म्हणून सांगतात. मनोरा ९७ मीटरच्या थोडा वर, म्हणजे हिशोब बरोबर जुळतो. एखाद्या शहराला पास्त्याच्या पट्टीची रुंदी मनोऱ्यावरून मोजावीशी वाटते, याचं मला मनापासून कौतुक आहे. रश्शातल्या तोर्तेल्लीनी मात्र वाटून खायला सोयीच्या नाहीत. एका वाटीत चार चमचे जाणं आपल्याकडच्या बऱ्याच जणांना रुचत नाही, म्हणून रिकाम्या वाट्या आधीच मागून घ्याव्यात. कापांचं आणि चीजचं तसं नाही. प्रत्येकजण आपला काप उचलतो, उष्टं होण्याचा प्रश्नच येत नाही.

शाकाहारी आणि मांसाहारी एका टेबलावर असले की कागद वेगळे ठेवणं सोपं असतं, अडचण त्याआधी होते. एकाच दुकानात मांस आणि चीज दोन्ही असेल तर एकच यंत्र किंवा एकच सुरी दोन्हीला लागू शकते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी चीज फक्त चीजच्या दुकानातून घ्यावं आणि यंत्रावर कापून न घेता अखंड तुकडा मागावा. पाव पावाच्या दुकानातून, भाज्या भाजीवाल्याकडून किंवा तयार पदार्थांच्या काउंटरवरून. भाजलेली वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, तेलातले आर्टिचोक आणि ऑलिव्ह यांत सहसा काही दडलेलं नसतं. हिरव्या चटणीसारखी दिसणारी ‘साल्सा वेर्दे’ मात्र सोडावी, तिच्यात अँकोव्ही हे छोटे खारवलेले मासे असतात.

बसायचं कुठे, याचं इथलं उत्तर फार सुंदर आहे. वीकोलो रानोक्की नावाच्या बोळात ‘ओस्तेरिया देल सोले’ आहे, १४६५ पासून. तिथे स्वयंपाकघर नाही. पेय त्यांच्याकडून घ्यायचं आणि खाणं आपण आणायचं. आजूबाजूच्या दुकानांतून कागदात बांधून आणलेलं सगळं लांब लाकडी टेबलावर उघडायचं आणि अनोळखी लोकांच्या शेजारी बसून खायचं. शेजारी कधी पेन्शनर आजोबा पत्ते खेळत असतात, कधी विद्यापीठातली मुलं. ताटं, सुऱ्या मिळतील असं धरून जाऊ नये. छोटी सुरी, दोन चमचे, कागदी रुमाल आणि रिकामी पिशवी सोबत असावी. सुरी विमानात हातातल्या सामानात सहसा चालत नाही, ती सोडलेल्या बॅगेत ठेवावी किंवा इथेच विकत घ्यावी. आत गेल्यावर आधी काउंटरवर पेय घ्यावं, मग जागा धरावी. न पिणाऱ्यांचा गट असेल तर मेर्कातो दि मेद्झोतली सामाईक टेबलं जास्त सोयीची. तिथे मात्र बाहेरचं खाणं उघडू नये. काउंटरवरून एखादी फळी मागवावी, तिला ‘ताल्येरे’ म्हणतात. मांस आणि चीजचे काप त्यावर मांडून येतात, ‘सोलो फोर्माज्जी’ म्हटलं तर फक्त चीज. बसून खाल्लं की बिलावर माणशी ‘कोपेर्तो’ लागू शकतो. ती बैठकीची आकारणी असते, फसवणूक नाही.

प्यायला घेणाऱ्यांसाठी लाम्ब्रुस्को ही इथली फेसाळ लाल वाइन मांसाच्या चरबीवर चांगली उतरते, आणि बोलोन्याच्या टेकड्यांवरची पिन्योलेत्तो पांढरी, हलकी. बाकीच्यांनी ‘आक्वा फ्रिझान्ते’, गॅसचं पाणी, घ्यावं. चरबीच्या घासानंतर जीभ धुऊन काढायचं तेच काम ते करतं.

मांडताना सौम्य चव आधी, तीव्र नंतर. मऊ स्क्वाक्वेरोने पावावर पसरून सुरुवात करायची. ते पिशवीत टिकत नाही, ओघळतं, म्हणून डब्यातच घ्यावं आणि चमच्याने वाढावं. मग मोर्तादेल्ला, मग प्रोशुत्तो, मध्ये टोमॅटो आणि भाज्या. पार्मिजानो शेवटी, आधी चोवीस महिन्यांचं आणि मग छत्तीसचं, सोबत पेअरच्या फोडी. शेतकऱ्याला चीज आणि पेअरची जोडी किती छान लागते ते कळू देऊ नका, अशी इटालियन म्हणच आहे. मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत गेलात तर पेअरऐवजी व्हिन्योलाच्या चेरी घ्याव्यात, जवळच्याच गावच्या, गर्द आणि कडकडीत. मांडणीत मिठाचा एकच पदार्थ जास्त झाला की सगळ्याची चव बुजते. प्रोशुत्तो, ऑलिव्ह आणि छत्तीस महिन्यांचं चीज तिन्ही खारट, ते एकापाठोपाठ खाऊ नयेत. मध्ये पाव आणि फळ असावं.

पार्मिजानोवर बाल्सामिक व्हिनेगरचे दोन थेंब घालायची पद्धत आहे, आणि या नावाच्या दोन वेगळ्या वस्तू मिळतात. ‘त्रादित्स्योनाले दि मोदेना’ ही फक्त शिजवलेल्या द्राक्षरसाची, लाकडाच्या लहान होत जाणाऱ्या पिंपांत किमान बारा वर्षं मुरवलेली, आणि ‘एक्स्ट्रावेक्यो’ असेल तर पंचवीस. ती १०० मिलिलिटरच्या एका ठरावीक गोल पोटाच्या बाटलीतच मिळते, जिचा आकार डिझायनर जॉर्जेत्तो जुजारो यांनी आखला. नुसतं ‘आचेतो बाल्सामिको दि मोदेना’ असेल तर त्यात वाइनचं व्हिनेगर आणि द्राक्षरस असतो आणि साठ दिवस पुरतात. सॅलडला ते उत्तम. एका जेवणासाठी पहिली बाटली घेऊ नये. चीजच्या चांगल्या दुकानात बरेचदा चमच्यावर चव देतात, तेवढी घ्यावी. स्वस्त बाटली चीजवर ओतली की आंबटपणा वरचढ होतो आणि चोवीस महिन्यांची मेहनत वाया जाते.

उरलेलं काय करायचं, ते वस्तूवर अवलंबून. मांस आणि मऊ चीज त्याच दिवशी संपवावं. पार्मिजानोचा तुकडा पुढच्या दोन-तीन दिवसांच्या प्रवासात कागदात गुंडाळून सहज टिकतो. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधला तर घाम धरतो आणि वास बदलतो. ‘सोत्तोवुओतो’, म्हणजे हवा काढून बंद, असं सांगितलं तर दुकानदार यंत्रावर पाकीट करून देतो, पण ते खरेदीच्या वेळीच सांगायला हवं. साल टाकून देऊ नये. चाकाची साल म्हणजे बाहेरून सुकून घट्ट झालेलं तेच चीज, तिच्यावर मेण किंवा रंग नसतो. वरचा थर सुरीने खरवडून, धुऊन, तुकडे करून डाळीच्या किंवा भाज्यांच्या सुपात सुरुवातीलाच टाकले तर अर्ध्या-पाऊण तासात ते मऊ, चिवट होतात आणि सुपाला दाटपणा येतो. ज्या मुक्कामाला चूल आहे तिथे दोन मुठी मसूर, एक गाजर, एक कांदा आणि ही साल एवढ्यात चौघांचं रात्रीचं जेवण होतं. मीठ शेवटी, चव घेऊनच घालावं, कारण सालीतून बरंच उतरलेलं असतं.